बुबुळावरचे अनुस्वार : काचबिंदूच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
काचबिंदूवर उपचार करणारे सर्व नेत्रतज्ज्ञ,

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. म्हणून आधी माझीच चूक सांगते, म्हणजे मग तुमच्याकडे वळायला मोकळी.

मला काचबिंदू होऊन नऊ वर्षं झाली. त्यातली निदान दोन वर्षं मी तुमच्यापैकी एकाशी धडधडीत खोटं बोलले. ‘थेंब नियमित घालताय ना?’ असं विचारलं की मी ‘हो’ म्हणायचे. प्रत्यक्षात रात्रीचे घालायचे आणि सकाळचे टाळायचे. कारण सकाळचे घातले की पुढचे दोन तास डोळ्यांत मिरची गेल्यासारखं व्हायचं आणि कामाचा कागद समोर धरवत नसे. तपासणीची तारीख जवळ आली की आधीचे पाच-सहा दिवस मात्र शहाण्या मुलीसारखे सगळे थेंब वेळच्या वेळी. मग डोळ्यातलं प्रेशर १६ यायचं, म्हणजे ताब्यात. तुम्ही खूश, मी खूश. फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा किती भाग गेला ते दाखवणारा कागद मात्र दर खेपेला थोडा आणखी काळा.

आता तुमच्या बाजूने पाहा. प्रेशर ताब्यात आहे, तरी डोळ्यामागची नस मरते आहे. याचा सरळ अर्थ, प्रेशर आणखी खाली हवं. म्हणून तुम्ही आणखी एक बाटली लिहून दिलीत. तुमचं काहीच चुकलं नाही, कारण माहितीच मी खोटी पुरवली होती. पण मी थेंब का टाळतेय, याचं उत्तर माझ्या डोळ्यातच होतं. तुमच्या स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या त्या यंत्रासमोर, तुमच्या भिंगापासून चार बोटांवर. ते पाहिलं गेलं नाही, आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

सुरुवात एका बाटलीने झाली. झोपताना लॅटॅनोप्रोस्टचा एक थेंब. डोळे थोडे लाल व्हायचे, पापण्यांचे केस लांबले. मैत्रिणी कौतुक करायच्या, मी कारण सांगायचे नाही. तीन वर्षांनी डॉरझोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेली दुसरी बाटली आली, दिवसातून दोनदा. पुढे ब्रिमोनिडिन, तेही दोनदा. मग मी कोरडेपणाची तक्रार केली, तेव्हा ‘ल्युब्रिकंट’ म्हणून चौथी बाटली, चार वेळा. बेरीज करा : एका डोळ्यात रोज नऊ थेंब, वर्षाला ३,२८५. त्या चारही बाटल्यांवर बारीक अक्षरांत एक नाव समान होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दिवसभर बारीक टाइप वाचणाऱ्या बाईला ते भिंग लावून वाचावं लागलं, यावरून तो टाइप किती बारीक असेल ते समजा. नाव होतं बेंझाल्कोनियम क्लोराइड.

हे तुम्हाला सांगणं म्हणजे सरस्वतीला धुळाक्षरं शिकवणं. पण खुलं पत्र माझ्यासारखेही वाचतील, त्यांच्यासाठी चार ओळी. एकदा उघडलेली बाटली महिनाभर वापरायची तर तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. डोळ्यांच्या थेंबांत सर्वांत जास्त वापरलं जातं ते हे बेंझाल्कोनियम. जंतुनाशक द्रावणांतही तेच असतं. ते साबणासारखं काम करतं, म्हणजे जंतूच्या पेशीचं स्निग्ध आवरण फोडतं. अडचण अशी की पेशी कोणाची आहे हे साबणाला कळत नाही. अश्रूंवर तेलाचा पातळ थर असतो, तो त्याने फाटतो आणि अश्रू लवकर सुकतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या, अश्रूंना चिकटपणा देणाऱ्या गॉब्लेट पेशी त्याने कमी होतात. आणि पारपटल, म्हणजे बुबुळापुढची ती पारदर्शक काच, तिच्या वरच्या थरातल्या पेशींचे एकमेकींशी असलेले टाके उसवतात. थेंबात त्याचं प्रमाण फार तर ०.०२ टक्के असतं. एका थेंबाने काही बिघडत नाही. पण काचबिंदूचा थेंब एक नसतो, तो उरलेल्या आयुष्याचा असतो.

पारपटलाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही, मज्जातंतू मात्र शरीरातल्या जवळपास कुठल्याही भागापेक्षा दाट. म्हणून तर पापणीचा एक केस आत गेला की माणूस जागच्या जागी नाचतो. वरचा थर आठ-दहा दिवसांत नवा होत राहतो, हे आपलं नशीब. पण रोज सकाळी त्याच जागेवर पुन्हा साबण पडत असेल तर नवं होण्याला तरी किती वाव मिळणार?

माझ्या बाबतीत हे काम करताना उघडकीला आलं. संध्याकाळची वेळ होती, दिव्याखाली एका कादंबरीची दुसरी प्रुफं. ‘घरात’ या शब्दावर एक टिंब दिसलं. ‘घरांत’ असं आता कोणी लिहीत नाही, म्हणून मी ते काढायची खूण केली. पुढच्या ओळीत ‘त्यांना’वर दोन टिंबं. पापणी लववली, एक गेलं. पुन्हा लववली, परत आलं. डोळे पुसले, चश्मा पुसला, दिवा हलवला, काही उपयोग नाही. दोन दिवसांनी लेखकाचा फोन आला : ‘बाई, तुम्ही सोळाव्या पानावर अनुस्वार काढायला सांगितलाय, पण तिथे अनुस्वार नाहीच आहे.’ तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, काचबिंदूने मध्यापर्यंत मजल मारली. त्या रात्री मी झोपले नाही.

पापणी लववली की दिसणं बदलतं, हे नस मरण्याचं लक्षण नव्हे, डोळ्याचा पृष्ठभाग बिघडल्याचं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मला एका दुसऱ्याच डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि आधी डोळ्याला कागदाची एक नारिंगी पट्टी टेकवली. भूल देणारा थेंब न घालता. मग दिवा निळा केला, ‘आता लववू नका’ म्हणाल्या आणि मनातल्या मनात मोजू लागल्या. तीनवर थांबल्या, अश्रूंचा थर तेवढ्यातच फाटला होता. फोटो काढून पडदा माझ्याकडे वळवला. निळ्याशार गोलावर, खालच्या अर्ध्या भागात, हिरवे चमकणारे ठिपके. शेकडो. जिथे जिथे वरच्या पेशी मेल्या किंवा उसवल्या होत्या तिथे तिथे रंग शिरला होता. मला दिसले ते अनुस्वार. पानावर नसलेले सगळे अनुस्वार इथे येऊन बसले होते.

‘दुखत नाही का?’ त्यांनी विचारलं. आग होते, पण दुखत नाही, मी म्हटलं. त्यांनी कापसाचा एक धागा पिळून पारपटलाला हलकेच टेकवला. मला तो जेमतेम कळला. इतक्या वर्षांत पारपटल थोडी बधिर झाली होती. बेंझाल्कोनियम तिच्या मज्जातंतूंनाही इजा करतं आणि टिमोलॉल संवेदना कमी करतं, हे तुमच्याच पुस्तकांत आहे. तेव्हा ‘काही त्रास?’ या प्रश्नाला रुग्णाने ‘विशेष नाही’ म्हटलं की पृष्ठभाग ठीक आहे असं धरून चालू नका. ज्याने तक्रार करायची तोच गप्प केला गेलेला असू शकतो.

आता या पत्राचा मुद्दा. गोल्डमनच्या टोनोमीटरने प्रेशर मोजताना तुम्ही तो पिवळा रंग डोळ्यात घालताच. निळा दिवा लावताच. म्हणजे पारपटल पाहण्यासाठी लागणारं सगळं तुमच्या हातात दर खेपेला असतं. रुग्णाची हनुवटी जागेवर आहे, कपाळ टेकलेलं आहे, फक्त तुमची नजर प्रेशर मोजायच्या त्या दोन हिरव्या अर्धवर्तुळांवर आहे आणि ती जुळली की आकडा लिहून मोकळे. मी मागते आहे ते इतकंच, की रंग आधी घाला, भुलीचा थेंब नंतर. मधल्या मिनिटात ठिपके पाहा आणि अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो ते मोजा. क्रम उलटला तर भुलीच्या थेंबानेच पृष्ठभाग खवळतो आणि काय पाहिलं ते कळत नाही, हे तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नव्हे. हवेच्या झोताने प्रेशर मोजत असाल तर रंग घातलाच जात नाही, तिथे ती पट्टी मुद्दाम हातात घ्यावी लागेल. काही ठिकाणी हा क्रम पाळला जातो हे मला माहीत आहे. पण माझ्या नऊ वर्षांच्या फाइलमध्ये ‘कॉर्निया’पुढे प्रत्येक वेळी एकच शब्द आहे, ‘क्लिअर’. एकाच अक्षरात, एकाच घाईत. मी हस्ताक्षरं वाचते, मला न पाहता लिहिलेला शब्द ओळखता येतो.

तुमच्यातले काही म्हणतील, नस वाचवायची की बुबुळाची चुरचुर बघत बसायची? नस गेली की परत येत नाही. खरं आहे, आणि नस आधी हे मलाही मान्य आहे. पण माझी गोष्ट पुन्हा वाचा. आग झाली म्हणून मी थेंब टाळले, थेंब टाळले म्हणून फील्ड बिघडलं, फील्ड बिघडलं म्हणून बाटली वाढली, बाटली वाढली म्हणून आग वाढली. या चक्रात नस आणि पारपटल वेगळ्या कुठे आहेत? शिवाय अश्रूंचा थर फाटलेला असेल तर फील्डचा निकाल खराब येतो आणि ओसीटीचा, म्हणजे नसेच्या स्कॅनचा, सिग्नलही पडतो. म्हणजे ज्या कागदांवरून तुम्ही पुढची बाटली ठरवता, ते कागदसुद्धा या ठिपक्यांतूनच छापून येतात. पुढे ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट काढून देणारी शस्त्रक्रिया, करायची वेळ आली तर वर्षानुवर्षं थेंबांनी सुजलेलं ते पांढऱ्या भागावरचं आवरण ती फसवू शकतं, हेही तुम्ही जाणताच.

सगळा दोष प्रिझर्व्हेटिव्हच्या माथी मारणं मात्र अन्यायाचं होईल. औषधांचे स्वतःचेही स्वभाव असतात. डॉरझोलामाइड आम्लधर्मी द्रावणात असतं, म्हणून घालताक्षणी झोंबतं. पण झोंबण्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. पारपटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो आतलं पाणी सतत उपसून तिला पारदर्शक ठेवतो. या उपशाला कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) मदत करतं आणि डॉरझोलामाइड नेमकं तेच अडवतं. निरोगी डोळ्याला ते जाणवत नाही. पण या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. वयाने, आधीच्या शस्त्रक्रियांनी किंवा फुक्सच्या आजाराने त्या विरळ झाल्या असतील तर पारपटल सुजून धुरकट होऊ शकते. तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. ब्रिमोनिडिनची ॲलर्जी तर तुम्ही येता-जाता पाहता : सहा महिने, वर्षभर सुरळीत चालतं आणि एके दिवशी डोळे लालबुंद. प्रोस्टाग्लँडिन गटातल्या थेंबांनी (माझं लॅटॅनोप्रोस्ट त्यातलंच) पारपटल किंचित पातळ होते, आणि पातळ पारपटलावर प्रेशर असतं त्याहून कमी मोजलं जातं. हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा संसर्ग डोळ्यात होऊन गेलेल्यांत त्याच थेंबांनी तो पुन्हा उठल्याच्या नोंदी आहेत. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नेटारसुडिलने पारपटलावर भोवऱ्यासारखी नक्षी उमटते. तिचा नजरेला सहसा उपद्रव नसतो, पण रुग्णाला आधी सांगितलेलं बरं, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरने सांगितल्यावर तो घाबरतो.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब म्हणजे अमृत, असंही मी म्हणत नाही. प्रिझर्व्हेटिव्ह उगाच आलेलं नाही. एके काळी हाच तपासणीचा पिवळा रंग बाटलीत ठेवत, त्यात स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढत आणि तपासायला आलेल्या माणसाचं पारपटल सडायचं. म्हणून कागदी पट्ट्या आल्या. आणि इतिहासात तरी कशाला जायचं? २०२३ साली अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमुळे काहींची दृष्टी गेली, काही जण दगावले. तेव्हा एकेका दिवसाच्या कुप्या असोत की झडप असलेल्या नव्या बाटल्या, त्या कशा हाताळायच्या हे शिकवावं लागतं. पण ज्यांच्या पारपटलावर ठिपके आहेत, ज्यांना तीन-तीन औषधं लागतात, त्यांच्यासाठी तरी तो पर्याय तोंडाने उच्चारला जावा. प्रेशर खाली आणण्यात हे थेंब मागे पडत नाहीत. लॅटॅनोप्रोस्टच्याच गटातलं टॅफ्लुप्रोस्ट प्रिझर्व्हेटिव्हविना आलेलं आहे. काही थेंबांत बेंझाल्कोनियमऐवजी सौम्य प्रिझर्व्हेटिव्ह असतात, तेही आहेत. मला आठ वर्षांत यातलं काहीही कोणी सांगितलं नाही.

आणि ती चौथी बाटली! कोरडेपणावर दिलेल्या थेंबांतच कोरडेपणा आणणारं रसायन. आगीवर ओतायला दिलेल्या बादलीत थोडं रॉकेल. कृत्रिम अश्रू लिहून देताना एवढं तरी बघा हो. आणि बाटलीच्या नावापुढे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नको’ हे दोन शब्द लिहा. ते लिहिले नाहीत तर औषधविक्रेता तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो. औषध तेच असतं, सोबतचा पाहुणा बदललेला असतो.

थेंब घालायचा कसा, हेही मला आठव्या वर्षी कळलं. तोवर मी एकाला दोन घालत होते, जास्त पडलेलं बरं म्हणून. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा आणि डोळ्यात एरवी अश्रू असतात साधारण ७ मायक्रोलिटर. म्हणजे पहिल्याच थेंबातला बराचसा गालावर किंवा नाकात जातो, दुसरा तर निव्वळ पृष्ठभाग धुऊन काढायला. एक थेंब, मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा, बाहेर ओघळलेलं पुसायचं आणि पुढच्या बाटलीला किमान पाच मिनिटांनी हात लावायचा. हे सांगायला किती वेळ लागतो? मी आत्ता लिहिलं, एका वाक्यात बसलं.

लेझरबद्दलही असंच. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट’ चाचणीत, ज्यांना सुरुवातीलाच एसएलटी, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा सुधारणारं लेझर दिलं त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंब लागत नव्हते. तिथल्या मार्गदर्शक सूचनांत आता लेझरला पहिलं स्थान आहे. सगळ्यांना ते चालत नाही, निचऱ्याचा कोन बंद असेल तर प्रश्न वेगळा, आणि त्याचा परिणाम ओसरतोही. पण हा रस्ता आहे, हे रुग्णाला पहिल्या भेटीत कळलं पाहिजे. चौथ्या बाटलीनंतर नव्हे. माझं लेझर आठव्या वर्षी झालं.

आज माझी ब्रिमोनिडिनची बाटली गेली आहे, उरलेले थेंब प्रिझर्व्हेटिव्हविना आहेत, ‘अश्रू’ही तसेच. दोन महिन्यांत ठिपके बरेच विरळ झाले. प्रेशर १५. बधिरपणा आहे तो आहे, तो किती जाईल हे पाहायचं. फील्डमधला काळा भाग मात्र आहे तिथेच राहणार, आणि त्यातला काही भाग माझ्या खोट्या ‘हो’चा आहे. म्हणून माझ्यासारख्या जे कोणी हे वाचत असतील त्यांना हात जोडून सांगते : आग होते म्हणून परस्पर थेंब बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, हट्टाने सांगा.

आणि डॉक्टर, तुम्ही तो प्रश्न थोडा बदलून विचारा. ‘नियमित घालताय ना?’ यातल्या ‘ना’मध्येच उत्तर ठरलेलं असतं. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिले?’ असं विचारलं असतं तर मी कदाचित खरं बोलले असते. कदाचित.

पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. हनुवटी टेकवीन, कपाळ टेकवीन. पट्टी आधी लावा आणि निळ्या दिव्यात दहापर्यंत मोजा. मी पापणी लववणार नाही.

आपली,
एक काचबिंदूची रुग्ण
(व्यवसायाने मुद्रितशोधक)